थरारपटाचे वय

दिवाळीची सुटी संपून दुसरे सत्र सुरू झाले, की माध्यमविषयक अभ्यासक्रम चालविणाऱ्या महाविद्यालयांतून एका चर्चेला ऊत येतो : यंदाचा लघुपट कोणता करायचा? विनोदी कथा सुचविली जाते, सामाजिक विषय सुचविला जातो. पण बहुतेक वेळा मत पडते ते थरारपटाच्या बाजूने. त्यात नवल काही नाही. प्रेमकथेला चांगले अभिनेते लागतात, ऐतिहासिक विषयाला कपडेपट लागतो. थरारपटाला मात्र रात्रीची वसतिगृहाची मार्गिका, जिन्यातला मिणमिणता दिवा, वाजत राहणारा आणि कोणी न उचललेला मोबाइल एवढे भांडवल पुरते. कॅमेरा भाड्याने आणावा लागतो, भीती फुकट मिळते.

मग संहिता होते, चित्रीकरणाचे दिवस ठरतात, मावशीचा रिकामा फ्लॅट दोन रात्रींसाठी मागून घेतला जातो. या धांदलीत एक प्रश्न कोणी विचारत नाही, आणि विचारलाच तर तो संकलन संपल्यावर, म्हणजे उशिरा विचारला जातो : हा चित्रपट कोणत्या वयाच्या प्रेक्षकांसाठी आहे? ब्रिटनमधील शाळा-महाविद्यालयांत माध्यमाभ्यासाच्या विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे थरारपटाची दोन मिनिटांची सुरुवात तयार करण्याचा प्रकल्प दिला गेला आणि तो करताना आपल्या चित्रपटाला बारा, पंधरा की अठरा वर्षांचे प्रमाणपत्र मिळेल, याचा विचार नियोजनाच्या वहीत लिहून काढण्याची पद्धत तिथे रुजली. आपल्याकडे ‘सेन्सॉर’ हा शब्द उच्चारला की एकतर भीती वाटते किंवा चीड येते. आपला प्रेक्षक कोण, या साध्या प्रश्नाचेच ते दुसरे नाव असू शकते, हे सहसा ध्यानात येत नाही.

हा प्रश्न आज अधिक टोकदार झाला आहे, कारण वयोगटांची चौकटच बदलली आहे. १९५२च्या चित्रपट कायद्यात मुळात दोनच खाने होते. ‘यू’ म्हणजे सर्वांसाठी आणि ‘ए’ म्हणजे अठरा वर्षे पूर्ण केलेल्यांसाठी. १९८३पासून त्यात ‘यूए’ची भर पडली. बारा वर्षांखालील मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा, असा त्याचा आशय. (विशिष्ट व्यावसायिकांसाठीचा ‘एस’ हा चौथा खाना त्याच वेळी आला, त्याच्या वाट्याला क्वचितच कोणी जाते.) पुढील चार दशके हीच व्यवस्था चालली. सात वर्षांच्या मुलाला दाखविण्याजोगा साहसपट आणि सोळा वर्षांच्या मुलालाही रात्री दचकून उठविणारा भयपट हे दोन्ही एकाच ‘यूए’च्या छत्रीखाली उभे राहत. २०२३च्या दुरुस्तीने या छत्रीचे तीन भाग केले : ‘यूए ७+’, ‘यूए १३+’ आणि ‘यूए १६+’. तदनुसार प्रमाणनाचे नवे नियम मार्च २०२४मध्ये अधिसूचित झाले.

थरारपट करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने तेरा आणि सोळा यांमधील ही रेषा सर्वांत महत्त्वाची. जुन्या व्यवस्थेत तो ‘ए’ टाळण्यापुरताच विचार करीत असे. आता त्याला तेरा वर्षांच्या मुलीची भीती आणि सोळा वर्षांच्या मुलाची भीती यांत फरक करावा लागतो. तो करणे हा कारकुनी उपद्व्याप नाही, लेखनाचाच भाग आहे.

आता कायद्याचे दुसरे अंग. या तीन वयोगटांच्या खुणा पालकांच्या विचारासाठी आहेत, त्यांची अंमलबजावणी अन्य कोणी करावयाची नाही, असे कायद्यातच म्हटले आहे. म्हणजे ‘यूए १६+’ चित्रपटाला चौदा वर्षांचा मुलगा आला तर चित्रपटगृहाच्या दारावरचा माणूस त्याला अडविणार नाही, निर्णय आईवडिलांचा. ‘ए’ची गोष्ट वेगळी. तिथे दार खरोखरीच बंद होते. सल्ला आणि मनाई यांच्यामधली ही सीमा ‘यूए १६+’ आणि ‘ए’ यांच्या मधोमध आहे, आणि विद्यार्थ्यांचे बहुतेक थरारपट नेमके त्या सीमेवर घोटाळतात.

मुळात विद्यार्थ्यांच्या चित्रपटाला प्रमाणपत्र लागते तरी कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. यूट्यूबवर टाकायच्या लघुपटाला मंडळाकडे जावे लागत नाही. महोत्सवात दाखवायच्या चित्रपटांना केंद्र सरकार कायद्याच्या नवव्या कलमाखाली सूट देऊ शकते व एरवी देतेही. मात्र ही सूट गृहीत धरता येत नाही. २०१७ साली केरळच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट व लघुपट महोत्सवात तीन चित्रपटांना माहिती व प्रसारण मंत्रालयाने ती नाकारली होती. विद्यार्थी चळवळीवरील ‘मार्च मार्च मार्च’ त्यांपैकी एक. चित्रपटगृहात तिकीट लावून दाखवायचा असेल किंवा दूरचित्रवाणीवर जायचे असेल, तर मात्र प्रमाणपत्राला पर्याय नाही. स्ट्रीमिंग मंचांवर २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे वयोगट ठरविण्याचे काम त्या मंचांनीच करायचे आहे. त्यांचे खाने जवळपास हेच, सात, तेरा, सोळा आणि प्रौढ. आणि तेरापासून पुढच्या आशयाला पालकांना कुलूप घालता येईल अशी सोय देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. सारांश, प्रमाणपत्र आज लागो न लागो, वयोगटाचा प्रश्न कोठे ना कोठे आडवा येतोच.

विद्यार्थ्यांचा थरारपट म्हणजे पोरखेळ, असे समजणाऱ्यांसाठी पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावरील संस्थेचा इतिहास पुरेसा बोलका आहे. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये विधु विनोद चोप्रा यांनी विद्यार्थिदशेत केलेला ‘मर्डर ॲट मंकी हिल’ हा रहस्यपटच होता. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि पुढे ‘खामोश’ (१९८५) आणि ‘परिंदा’ (१९८९) या वाटेने हा दिग्दर्शक थरारपटातच मुरला. श्रीराम राघवन यांनी १९८७ साली ‘द एट कॉलम अफेअर’ हा पदविकापट याच संस्थेत केला. त्यांच्या ‘अंधाधुन’ने २०१८ साली पुण्यातील बंगले आणि पेठा यांना रहस्यपटाचे नेपथ्य बनविले, आणि त्या चित्रपटाची ठिणगी पडली ती एका फ्रेंच लघुपटावरून. अंध असल्याचे सोंग करणाऱ्या पियानो जुळवणाऱ्याची ती अवघ्या काही मिनिटांची कथा. लघुपटाचा आकार आणि थरार यांचे गोत्र असे जुने आहे.

आणि वयोगटाचा वादही लघुपटाइतकाच जुना आहे. भारतातील चित्रपट-सेन्सॉरशिपवरचा सर्वांत गाजलेला निवाडा कोणत्याही भव्य चित्रपटावरून आलेला नाही. तो आला ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘चार शहर एक कहानी’ या छोटेखानी माहितीपटावरून. मुंबईसह चार शहरांतील संपन्नता आणि दैन्य शेजारी शेजारी ठेवणाऱ्या या चित्रपटात मुंबईच्या वेश्यावस्तीची काही दृश्ये होती. मंडळाने चित्रपटावर बंदी घातली नाही, ‘ए’ देऊ केला. अब्बास यांना ते मान्य नव्हते. त्यांना ‘यू’ हवा होता, कारण हे वास्तव तरुणांनी पाहावे असे त्यांचे मत होते. नंतर काही दृश्ये काढल्यास ‘यू’ देऊ, असे सरकारने सांगितले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे सरकारने कापाकापीविना ‘यू’ देण्याची तयारी दाखविली. पण अब्बास यांनी लढा मागे न घेता पूर्वपरीक्षणाच्या तत्त्वालाच आव्हान दिले. १९७०च्या निकालात न्यायालयाने ते तत्त्व वैध ठरविले; प्रतिमा आणि ध्वनी यांचा एकत्रित परिणाम छापील शब्दापेक्षा खोल असतो, म्हणून चित्रपटाला वेगळी वागणूक देता येते, अशी त्यामागची भूमिका होती. खटला गाजला तो या तत्त्वामुळे. त्याचे मूळ मात्र एवढ्याच प्रश्नात होते की काही मिनिटांचा चित्रपट सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने पाहावा की नाही.

विद्यार्थ्यांपुढे नेमका हाच पेच असतो. एक उदाहरण घेऊ. काल्पनिक, पण कोणत्याही वर्गात सुचू शकेल असे. बारावीतील एका मुलीचे छायाचित्र कोणीतरी विकृत करून तिला पाठविते आणि पैसे मागते. ती घरी सांगत नाही. दोन मैत्रिणी मिळून त्या माणसाचा माग काढायचे ठरवितात. संशयाची सुई एकेकावर फिरत अखेर ओळखीच्याच चेहऱ्यावर येऊन थांबते. बारा मिनिटांचा ऐवज. हा चित्रपट कोणी पाहायला हवा? अर्थातच चौदा-पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींनी. ज्यांच्या हातात मोबाइल नुकता आला आहे आणि ज्यांना अशा धमकीपुढे काय करावे हे ठाऊक नाही, त्यांनी. अशा वेळी हा लघुपट ‘ए’च्या खान्यात गेला, तर ज्याच्यासाठी केला तोच प्रेक्षक दाराबाहेर राहील. शाळा तो दाखविणार नाहीत. पालक तो लावणार नाहीत.

आणि ‘ए’च्या खान्यात तो किती सहज घसरेल! पहिल्या खर्ड्यात ते विकृत छायाचित्र पडद्यावर दिसते. दुसऱ्या दृश्यात खलनायकाच्या तोंडी शिव्यांची लाखोली आहे, कारण लेखकाच्या मते ‘मुले असेच बोलतात’. तिसऱ्यात मुलगी गच्चीच्या कठड्यावर उभी आहे आणि कॅमेरा तिच्या पायांवर रेंगाळतो. शेवटी झटापट, सुरा, भिंतीवर रक्ताचा फवारा. यातल्या प्रत्येक जागी दिग्दर्शकाला एक प्रश्न विचारता येतो : हे दाखविल्याने भीती वाढते की नुसता धक्का बसतो? छायाचित्र मुळीच न दाखविता ते पाहणाऱ्या मुलीचा चेहरा दाखविला तर? माझ्या मते परिणाम दुणावेल, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे खलनायकाने जे केले तेच कॅमेऱ्याने केल्याचा आरोप टळेल. इथे वयोगटाचा विचार आणि सभ्यतेचा विचार एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

फ्रिट्झ लांग यांनी १९३१ साली ‘एम’ केला, तेव्हा बालिकेची हत्या त्यांनी पडद्यावर आणली नाही. घरंगळत आलेला चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा, एवढेच प्रेक्षकाला दिसते, आणि आज नव्वदहून अधिक वर्षांनंतरही ते पाहताना पोटात खड्डा पडतो. हिचकॉकच्या ‘सायको’तील स्नानगृहाचे दृश्य ज्यांनी पाहिले आहे, त्यांना वाटते की आपण सुरी अंगात घुसताना पाहिली. वस्तुतः पाहिले ते भराभर जोडलेले तुकडे आणि व्हायोलिनच्या किंकाळ्या. रक्त म्हणून वापरले होते चॉकलेटचे सिरप. याच हिचकॉकने १९३६च्या ‘सॅबोटाज’मध्ये नकळत बॉम्ब घेऊन बसमध्ये बसलेल्या मुलाचा खरोखरीच स्फोटात बळी दिला होता, आणि प्रेक्षक चिडले. ते करायला नको होते, असे त्याने नंतर त्र्युफोला दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत मान्य केले. ताण निर्माण करून प्रेक्षकाची सुटका न करणे ही फसवणूक ठरते, असा त्याचा हिशेब. प्रमाणपत्राच्या भाषेत बोलायचे तर लहान मूल हिंसेचे बळी असणे ही बाब कोणत्याही देशातील मंडळाला अस्वस्थ करते; आपल्या मार्गदर्शक तत्त्वांतही मुलांना हिंसेचे बळी, हिंसा करणारे किंवा तिचे जबरीचे साक्षीदार म्हणून दाखविणाऱ्या दृश्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे.

वयोगट केवळ चित्रावर ठरतो, हाही एक गैरसमज. ब्रिटनमध्ये २०१२ साली ‘द वूमन इन ब्लॅक’ या भयपटाच्या वितरकांना बारा वर्षांवरील मुलांचे प्रमाणपत्र हवे होते. त्यासाठी काही सेकंदांची दृश्ये काढावी लागली, काही दृश्ये अधिक काळोखी करावी लागली आणि दचकविणाऱ्या जागांचा आवाज कमी करावा लागला. एवढे करूनही त्या वर्षी तेथील मंडळाकडे सर्वाधिक तक्रारी आल्या त्या याच चित्रपटाविषयी. रक्ताचा सडा नव्हता, शिव्यांची लाखोली नव्हती, तरी मुले घाबरली. ध्वनिसंकलन करणारा विद्यार्थी वर्गात सर्वांत दुर्लक्षित असतो. चित्रपटाचे वय ठरविण्यात त्याचा वाटा मात्र कॅमेरामनपेक्षा कमी नसतो.

नियोजनाच्या वहीत आणखी काही रुक्ष नोंदी कराव्या लागतात. नायकाने सिगारेट पेटविली, तर तंबाखूविरोधी नियमांप्रमाणे आरोग्यसंदेश दाखवावे लागतात आणि धूर दिसेल तेवढा वेळ पडद्याच्या तळाशी इशारा ठेवावा लागतो. बारा मिनिटांच्या चित्रपटात एका झुरक्यासाठी हा सगळा लवाजमा! संशयिताच्या हाती पेन दिले तरी कथेचे काही बिघडत नाही. अंधाऱ्या गल्लीत भुंकणारा कुत्रा हवा असेल, तर पशुकल्याण मंडळाच्या परवानगीचा प्रश्न येतो. भुंकणे नुसते ऐकवावे, हे उत्तम. चौदा वर्षांखालील मुलाला घेऊन व्यावसायिक चित्रीकरण करायचे, तर बालकामगारविषयक नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि दिवसाला पाच तासांची मर्यादा आहे. विद्यार्थ्यांच्या चित्रपटाला तो नियम काटेकोर लागू असो वा नसो, धाकट्या भावाला मध्यरात्रीपर्यंत भूत म्हणून उभे ठेवणाऱ्यांनी तो वाचावा. आणि रस्त्यावर खेळण्यातले पिस्तूल काढण्यापूर्वी जवळच्या पोलिस ठाण्याला कळविण्यास विसरू नये. हा सल्ला वयोगटाचा नाही, पण महत्त्वाचा आहे.

इथवर जे म्हटले त्यात वाद होण्याजोगे फारसे नाही. वाद सुरू होतो तो पुढे. १९९१ साली केंद्र सरकारने मंडळाला दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत असे म्हटले आहे, की गुन्हेगारांची कार्यपद्धती आणि गुन्ह्यास चिथावणी देऊ शकतील अशी दृश्ये वा शब्द दाखविले जाऊ नयेत. आता गुन्ह्याची कार्यपद्धती न दाखविता थरारपट करायचा कसा? चोरी कशी झाली, पुरावा कसा नष्ट केला, साक्षीदाराला कसे फसविले, हाच तर त्या प्रकाराचा प्राण. ‘दृश्यम’ची सगळी खुमारी एका सामान्य कुटुंबप्रमुखाने पुरावे रचण्यात आहे. निशिकांत कामत यांनी २०१५ साली त्याची हिंदी आवृत्ती केली, तेव्हा तिला ‘यूए’ मिळाला. सहकुटुंब पाहिलेला चित्रपट. म्हणजे तत्त्व कागदावर आहे आणि व्यवहार वेगळा आहे. ही लवचिकता चांगलीच. पण ती कोणाच्या वाट्याला येईल हे आधी सांगता येत नाही, ही अडचण.

ती वाट्याला न आल्याचे उदाहरण पुण्याच्या चांगल्याच परिचयाचे आहे. १९७६-७७मध्ये जोशी-अभ्यंकर खून प्रकरणाने हे शहर हादरले. दहा जणांचे बळी गेले, आणि आरोपी निघाले ते एका कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. संध्याकाळी दारे बंद करून बसणारे पुणे ज्यांनी पाहिले, त्यांच्या मनातून ते दिवस आजही गेलेले नाहीत. १९८३ साली चौघांना येरवड्यात फाशी झाली. या प्रकरणाची छाया घेऊन ‘माफीचा साक्षीदार’ हा मराठी चित्रपट निघाला. पुढे अनुराग कश्यप यांनी आपला पहिला चित्रपट ‘पाच’ याच घटनेच्या दुरान्वयाने रचला : रॉक बँडमधील तरुण मित्र, पैशाची हाव, अपहरणाचा बनाव आणि मग एकामागून एक खून. या शतकाच्या आरंभी तो मंडळापुढे गेला, तेव्हा हिंसा, अमली पदार्थ, भाषा अशा आक्षेपांवर तो अडला. नंतर काटछाट होऊन मार्ग मोकळा झाला, तरी निर्मात्याच्या अडचणींमुळे तो चित्रपटगृहांत नियमित प्रदर्शित झालाच नाही.

‘पाच’ लहान मुलांनी पाहावा, असे कोणीही म्हणणार नाही. तो अठरा वर्षांवरच्यांसाठीच आहे. पण मग ‘ए’ कशासाठी असतो? प्रौढ नागरिक मतदान करतो, सैन्यात जातो, कर्ज काढतो. पडद्यावरचा खून पाहून तो बिघडेल, ही चिंता राज्यसंस्थेने वाहण्याचे कारण नाही. वयोगट ठरविणे हे एक काम आणि कात्री चालविणे हे दुसरे. आपल्याकडे दोन्ही कामे एकाच टेबलावर होतात, आणि म्हणून पहिल्या कामाची प्रतिष्ठा दुसऱ्यामुळे जाते. श्याम बेनेगल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१६ साली हाच भेद स्पष्ट केला होता. मंडळाने प्रामुख्याने वर्गीकरण करावे, ‘यूए’चे बारा आणि पंधरा असे भाग पाडावेत आणि प्रौढांच्या गटातही अधिक तीव्र आशयासाठी सावधगिरीचा वेगळा खाना असावा, अशी ती शिफारस. २०२३च्या दुरुस्तीने वयोगटांचा भाग आकड्यांत फेरफार करून उचलला. प्रदर्शित चित्रपट फेरतपासणीस मागविण्याचा अधिकार सरकारला देण्याची २०२१च्या मसुद्यातील तरतूद विरोधानंतर वगळली गेली, हेही नमूद केले पाहिजे. कात्री मात्र जागेवरच राहिली.

ती किती धारदार आहे, हे २०२५ साली ‘संतोष’च्या बाबतीत दिसले. संध्या सुरी यांचा हा पोलिस-थरारपट कान महोत्सवात दाखविला गेला, ब्रिटनने ऑस्करसाठी पाठविला. भारतात मात्र मंडळाने सांगितलेल्या बदलांची यादी मान्य केल्यास चित्रपटच उरणार नाही, अशी दिग्दर्शिकेची भूमिका राहिली आणि प्रदर्शन अडले. नामांकित महोत्सव पाठीशी असलेल्या दिग्दर्शिकेची ही गत. पूर्वी अशा वेळी चित्रपट प्रमाणन अपील न्यायाधिकरणाकडे दाद मागता येई. तो मार्ग स्वस्त होता, तिथे चित्रपट जाणणारी माणसे बसत. एप्रिल २०२१मध्ये ते न्यायाधिकरणच रद्द झाले, आणि आता थेट उच्च न्यायालय. २०१६ साली ‘उडता पंजाब’च्या निर्मात्यांना मुंबई उच्च न्यायालयात जाऊन एकाच काटछाटीवर ‘ए’ मिळविता आला. त्यांच्यापाशी वकील होते, पैसा होता, प्रदर्शनाची तारीख तोंडावर असल्याने वृत्तपत्रांचे लक्षही होते. वर्गणी काढून लघुपट करणारी पाच मुले उच्च न्यायालयात जाणार नाहीत. ती निमूटपणे दृश्य काढतील. किंबहुना पुढच्या वेळी ते दृश्य लिहिणारच नाहीत.

नाटकवाल्या विद्यार्थ्याला हा अनुभव वेगळ्या क्रमाने येतो. महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता आधी जाते. आक्षेप असेल तर तालमींपूर्वी कळतो. कागदावरचे वाक्य बदलायला पैसे पडत नाहीत. या पूर्वपरवानगीच्या पद्धतीला मी मुळीच अनुकूल नाही, ‘सखाराम बाइंडर’च्या वेळी तिने काय केले हे सर्वज्ञात आहे. चित्रपटाचे उलट आहे. तिथे तयार वस्तू परीक्षण समितीपुढे जाते. सुरा चालविण्याचे दृश्य दोन रात्री जागून चित्रित झालेले असते, मावशीने फ्लॅटचे कुलूप परत लावलेले असते, नायिकेने केस कापलेले असतात. आता पुन्हा चित्रीकरण अशक्य, म्हणून उरते फक्त कापणे. आणि बारा मिनिटांतून चाळीस सेकंद गेले तर कथेचा सांधाच निखळतो. एकांकिका स्पर्धांतून लघुपटाकडे वळणाऱ्या मुलांना हा फरक पहिल्या फटक्यातच शिकावा लागतो.

म्हणून वयोगटाचा निर्णय संहितेच्या पहिल्या पानावर, शीर्षकाखालीच लिहिलेला बरा : ‘यूए १३+’, ‘यूए १६+’ की ‘ए’. तो ‘ए’ असण्यात कमीपणा नाही. ज्यांना लैंगिक अत्याचार करणाऱ्याच्या मनात डोकावायचे आहे, किंवा ‘पाच’सारखी निर्दयता तपासायची आहे, त्यांनी उगाच ‘यूए’ची आस धरून आपले चित्र बोथट करू नये. ‘ए’ची किंमत आधी मोजावी, एवढेच : शाळा गेल्या आणि दूरचित्रवाणी गेली. टीव्हीवर तो न्यायचा तर बदल करून वेगळे प्रमाणपत्र घेण्याची वाट २०२३च्या कायद्याने दिली आहे. पण तो खटाटोप कोण करणार? याउलट मोबाइलवरील धमकीची कथा सांगणाऱ्यांनी सोळाच्या आत राहण्याचा हट्ट धरावा, आणि गच्चीच्या कठड्यावरचे ते दृश्य पुन्हा लिहावे. आत्महत्येची रीत तपशिलाने दाखवू नये, हे कात्रीच्या भीतीने सांगावे लागू नये. त्या कठड्याजवळ उभी राहू शकेल अशी एखादी मुलगी प्रेक्षागृहात बसलेली असू शकते, एवढे कारण पुरेसे आहे.

कच्चे संकलन झाल्यावर आपल्याच वयाच्या मित्रांना ते दाखवून टाळ्या मिळविण्याचा प्रघात आहे. त्याऐवजी एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारून, पालकांची संमती घेऊन, नववी-दहावीच्या दहा-पंधरा मुलांना तो दाखवावा आणि पडद्याकडे न पाहता त्यांच्याकडे पाहावे. कोठे ती हसतात, कोठे एकमेकांचे हात धरतात, कोठे मान खाली घालतात. समितीचे सदस्य याहून वेगळे काही करीत नाहीत. फरक असलाच तर त्यांचे वय जास्त असते.

आणखी एक बारकी अडचण अशी, की पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गांत निम्मी मुले सतरा वर्षांची असतात. त्यांच्यातल्या एखाद्याने कॅमेरा चालविला, दुसऱ्या कोणी मृतदेहाची भूमिका केली, आणि चित्रपटाला ‘ए’ मिळून तो रीतसर चित्रपटगृहात लागला, तर कायद्याप्रमाणे त्या दोघांना स्वतःचाच चित्रपट पाहायला वाढदिवसापर्यंत थांबावे लागेल.